चिठ्ठीशिवाय हात लावू नये

आमच्या इलेक्ट्रिकल कंत्राटदार संघटनेचा जन्म भांडणातून झाला, हे स्मरणिकेत कुणी छापत नाही. एका दवाखान्याच्या मालकाने वायरिंग अर्धवट असतानाच कंत्राटदार बदलला. कुठली वायर कुठे गेलीय हे नव्याला काय ठाऊक? बंद समजून धरलेल्या तारेने त्याला शिडीवरून फेकलं, पाय मोडला. जुना कंत्राटदार त्याला बघायला गेला. आधी कडाकडा भांडला, मग ढसाढसा रडला. त्या खाटेभोवतीच सात जणांनी संघटना काढली आणि नियम केला: दुसऱ्याच्या अर्धवट कामाला त्याच्या चिठ्ठीशिवाय हात लावायचा नाही. चिठ्ठीत काम सोडण्याचं कारणही हवं.

तो रडणारा म्हणजे आमचे चिठ्ठीकाका. चाळीस वर्षं सचिव. सातांचे तीनशे झाले, विमा आला, परवान्याचे वर्ग निघाले. भांडणंही वाढली, प्रगती म्हणतात ती हीच. नियमाचं वेड एवढं की काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "भाजी अर्धी चिरून उठलेय. चिठ्ठी देऊ का?"

शेवटी संघटनेची स्वतःची इमारत उभी राहिली. काका तेव्हा एकाहत्तरचे. "वायरिंग मी करणार, एकट्याने," म्हणाले. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, हे सगळ्यांना दिसत होतं, त्यांना सोडून. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? आम्ही माना डोलावल्या आणि मागे कुजबुजलो. त्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

घंटा बांधली काकांच्या सुनेने. तीही परवानाधारक, त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तपासणीच्या आदल्या दिवशी ती इमारतीत गेली, होल्डर तपासले आणि शिडीशी येऊन उभी राहिली.

"बाबा, वरच्या तीन खोल्यांत स्विच लाल फेजऐवजी काळ्या न्यूट्रलवर बसलेत."

"शक्य नाही. लाल आणि काळी वायर मला कळत नाही?"

"दिवा विझतो, पण होल्डरमध्ये करंट राहतो. उद्या बल्ब बदलायला कुणी चढला तर..."

"मग केलं का नाहीस सरळ?"

"चिठ्ठी कुठाय?"

काका तावातावाने वर गेले. पहिल्या खोलीत स्विच बंद केला, बल्ब काढला, टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. दुसऱ्या खोलीतही लागला. तिसऱ्या खोलीत ते गेलेच नाहीत. खिडकीपाशी वायरचे दोन तुकडे उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

"अध्यक्षांना सांगितलंस?"

"काम तुमचं. त्यांना कशाला?"

काकांनी खिशातून संघटनेचा छापील कागद काढला. नाव, जागा, काम भराभर लिहिलं. कारणापाशी पेन अडलं. आधी 'प्रकृती' लिहिलं, खोडलं. मग 'वेळेचा अभाव', तेही खोडलं. सून दुसरीकडे बघत उभी होती. बिचारीला भिंत एकाएकी फार आवडली असावी.

शेवटी त्यांनी लिहिलं, 'डोळ्यांना रंग कळत नाहीत', सही केली आणि कागद पुढे केला.

तिने तो ओळ न् ओळ वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही खाली बसा, बाबा. मी मेन बंद करून येते."