मोटारीचं सोवळं

तुळजापुरात माझ्या सासरी एक जुनी काळी मोटार होती आणि तिचं सोवळं माझ्यापेक्षा जास्त पाळलं जाई. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण आमच्याकडं पेट्रोल मिळे ते अजून उसाच्या मळीचं अल्कोहोल मिसळलेलंच. पावसाळ्यात डब्यात साठवलं की ते ओल धरी आणि पाणी तळाशी बसे. सोलापूरच्या मिस्त्रीनं बजावलं होतं, टाकीत ओतताना मऊ कातड्यातून गाळा, पाणी वरच अडेल. पण मामंजी पडले पुजारी. "आपल्या घरात कातडं? जमायचं नाही," म्हणाले आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळू लागले. फडक्यात कचरा अडे, पाणी खुशाल खाली उतरे. मोटारीच्या गाद्या चांगल्या कातड्याच्या होत्या, पण हे त्यांना सांगायची कुणाची टाप होती!

त्या श्रावणात माझे वडील सोलापूरच्या दवाखान्यात होते. संध्याकाळी भावाची तार आली की उद्या दुपारी ऑपरेशन आहे, अवघड आहे, ताईला भेटायला पाठवा. मामंजींनी ऐटीत उलट तार केली, घरच्या मोटारीनं आणतो.

सकाळी निघालो. गाडी चालवायला हे, शेजारी मामंजी, मागं मी. तामलवाडीच्या अलीकडं गाडीनं आचके दिले आणि बंद पडली. यांनी कार्बोरेटर उघडला, तर आत पाणी आणि टाकीतून सुटून आलेला तांबडा गंज. पुसला, त्यातला जेट, म्हणजे पेट्रोल यायची बारीक पितळी तोटी, तोंडात धरून फुंकला. गाडी हाकेच्या अंतरावर गेली आणि परत बसली. पुन्हा उघडा, पुन्हा फुंका. ऊन चढत होतं. मी पदर सावरत नुसती बसून होते. रडू येत होतं, संतापही येत होता, आणि दोन्हींचा काडीचा उपयोग नव्हता.

तेवढ्यात सोलापूरची एसटी आली. कंडक्टरनं ती आपणहून थांबवली. यांनी त्याला दवाखान्याचं सांगितलं.

"लई गर्दी हाय, पर एक जागा करतो," तो म्हणाला. "बाईंला बसवा. दवाखान्याच्या दारात उतरवतो."

मी दार उघडून एक पाय खाली टाकलासुद्धा.

"घरची गाडी असताना सून एकटी एसटीनं?" मामंजी म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

मी यांच्याकडं पाहिलं. यांच्या तोंडात जेट होता. बोलायचं तर तो काढावा लागला असता, आणि तो त्यांनी काढला नाही. कंडक्टरनं जरा वेळ वाट पाहिली, मग घंटी मारली. मी पाय आत घेतला.

पोचलो तेव्हा दिवस कलला होता. भाऊ व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. मला बघितल्यावर त्याला हुंदका आवरेना. वडील ऑपरेशनच्या टेबलावरच गेले होते.

"डॉक्टर तुझ्यासाठी थांबायला तयार होते गं ताई," तो म्हणाला. "बाबाच म्हणाले, कशाला थांबता? ती घरच्या मोटारीनं येतीय. मी बाहेर येईपर्यंत पोचेल."