आईस्क्रीमसाठी तो रडला नव्हता

ईरा, नील, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — तुमच्या आबांनाही नाही. रविवारी फोनवर तुम्ही पुन्हा म्हणालात, "आजी, बाबा हॉटेलात आईस्क्रीमसाठी रडला ती गोष्ट सांग ना!" मी सांगितली. तुम्ही त्याला रडूबाई म्हणालात. तुमच्या मागे बाबा नुसता हसलेला ऐकू आला. फोन ठेवला आणि मला स्वतःचा असा संताप आला, की आता पुरे.

ती गोष्ट खोटी आहे.

नव्वद सालानंतर आम्ही खांदेश्वरला राहायला आलो. आबा तळोज्याच्या एका कंपनीत होते. त्यांच्या बढतीचं चाललं होतं, आणि साहेबांनी आम्हाला वाशीच्या एका भारी हॉटेलात जेवायला बोलावलं. तुमचा बाबा सात वर्षांचा. पंधरा दिवस मी घरी त्याची तालीम घेतली. नॅपकीन म्हणून मांडीवर पंचा, सूप म्हणून आमटी. तोंड मिटून चावायचं, चमचा वाजवायचा नाही, फुंकायचं नाही. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. हॉटेलात पोरांनी कसं वागावं हे मला नाही तर कुणाला कळणार — इंग्रजी शाळेत शिकलेली ना मी!

आणि तो कसा वागला? अगदी शहाण्यासारखा. शेजारच्या टेबलाखाली दोन पोरं रांगत होती, हा मात्र ताठ बसलेला. मग सूप आलं. कढत होतं. आणि मी — मीच चमच्यावर फुंकर मारली.

"आई, फुंकायचं नाही! तूच सांगितलंस ना?" सगळ्यांना ऐकू जाईल असं.

साहेबांच्या मिसेस खदखदून हसल्या. "घ्या! मास्तरीणबाईच नापास की हो!"

कशाचा राग आला मला? तो खरं बोलला, याचाच. टेबलक्लॉथखाली मी त्याची मांडी चिमटीत धरली आणि नखं रुतेपर्यंत पिळली. वर चेहरा हसरा. तो आधी गप्प राहिला — चारचौघांत आवाज करायचा नाही, हेही मीच शिकवलेलं. मग मात्र त्याने भोकाड पसरलं.

"काय झालं रे सोन्या?" त्या बाईंनी विचारलं.

"काही नाही हो, आईस्क्रीम हवंय. घरीसुद्धा असाच हट्टी आहे."

किती सहज सुचलं! त्याने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी थांबले का मी? नाही. सगळ्यांसमोर त्याला 'सॉरी' म्हणायला लावलं. तो म्हणाला. आईस्क्रीम आलं, तेही त्याने निमूट संपवलं आणि 'थँक्यू' म्हणाला.

त्या बाईंना उलट बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणून सात वर्षांच्या पोराच्या मांडीवर राग काढला. याला दुसरं नाव नाही — भित्रेपणा. आणि तेवढ्यावर भागलं नाही. बारशा-मुंजीत ती गोष्ट तिखटमीठ लावून मीच सांगत राहिले. त्याच्या लग्नात तुमच्या आईलाही सांगितली. तो शेजारीच उभा होता. "असं नव्हतं" असं एकदाही म्हणाला नाही.

त्या दिवसापासून त्याने माझी एकही चूक मला दाखवलेली नाही. आजही दाखवत नाही.