शनिवारी भांग आहे

"तुमच्याकडे मुलांना भांग देतात का?" फोनवर कॉलेजच्या सरांनी विचारलं.

मी नारळ खवत होते.

मालगुंडजवळच्या एका होमस्टेत मी स्वयंपाक करते. यंदा मालकांनी, म्हणजे बाळादादांनी, आणखी एक काम दिलं होतं. पुण्याच्या एका कॉलेजची पोरं समुद्राकडच्या कड्यावर क्लाइंबिंगला येणार होती. त्यांचा दिवस ठरवायचा, वाट दाखवायची, जेवणाचं बघायचं. "ही ट्रिप नीट झाली तर पुढचे ग्रुप तूच सांभाळ," दादा म्हणाले होते. मला ते काम फार हवं होतं. गॅससमोरून उठून मोकळ्या वाऱ्यात जायला मिळणार होतं.

पण अनोळखी माणसाशी फोनवर मला बोलवत नाही. म्हणून सरांना मी मेसेज केला होता. 'शनिवारी या. भांग आहे. पोरांना दिवसभर मजा करता येईल. काही भीती नाही.'

"हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर गेलाय," सर म्हणाले. "प्रिन्सिपल ट्रिप कॅन्सल करा म्हणतायत."

तेवढ्यात दादा आत आले.

"काय झालं गो?"

"सर विचारतायत, भांग..."

दादांनी फोन घेतला. "अहो सर, भांग तर आमच्याकडे महिन्यातून दोनदा! आमच्या म्हाताऱ्यांचा जन्म गेला त्याच्यावर. तुम्ही पोरांना बिनधास्त पाठवा."

दादांच्या हातातून मी फोन जवळजवळ ओढूनच घेतला.

"सर, ठेवू नका. ती भांग नव्हे. हा भांग समुद्राचा. पुनवेला नि अवसेला उधाण येतं, पाणी खूप चढतं. अष्टमीच्या सुमारास ते जोर करत नाही, त्याला आम्ही भांग म्हणतो. शनिवारी अष्टमी आहे. कड्याच्या पायथ्याला कातळाची पट्टी आहे, उधाणाला ती बुडते. तुमचा तो बिलेअर, खालून दोर धरणारा, तिथेच उभा राहणार ना? लाटेनं त्याचेच पाय सुटले तर वर लटकलेल्या पोरानं काय करायचं? म्हणून भांगाचा दिवस काढला."

एवढं मी फोनवर कधीच बोलले नव्हते. पलीकडे एक बाई खो खो हसायला लागल्या. सरांच्या शेजारच्या शिक्षिका असाव्यात. "अहो सर, भांगाची भरती! भूगोलात नव्हती का आपल्याला?"

"होती," सर म्हणाले. "पाठही केली होती." मग तेही हसले. "ताई, आत्ता बोललात तसंच लिहून पाठवा. लगेच."

माझं शिक्षण चौथी. भूगोलात भांग असतो हे मला काय माहीत! पण बोलले तसं सगळं लिहिलं. दादा वाचायला वाकले तर मी त्यांना लांब बसवलं. "तुम्ही नका काही सांगू आता."

संध्याकाळी मेसेज आला. ट्रिप फायनल. मी लगेच शनिवारच्या जेवणाची यादी करायला बसले.

शनिवारी पाणी पट्टीच्या खालीच चुळबुळत राहिलं. पोरं आळीपाळीनं चढली, खरचटलेल्या कोपरांनी खाली आली. जेवताना सोलकढीचा ग्लास घेऊन एक मुलगी म्हणाली, "ताई, ह्यात भांग नाही ना?"

"नाही गो, ती सरांनी संपवली," मी म्हटलं. माझं मलाच आश्चर्य वाटलं. सर मान खाली घालून हसत होते.

पुढचे दोन ग्रुप दादांनी माझ्याकडेच दिलेत. आता मेसेजमध्ये मी सरळ लिहिते, 'पाणी कमी भरेल.' 'उधाण' हा शब्दही टाळते. 'पोरं परतली की उधाण येईल' वाचून आईबाप काय समजतील, नेम नाही.