लेव्हलकाकांनी होऊ न दिलेली गल्ली

प्रिय ईरा आणि नील,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईराने विचारलं, "आजी, आपण सगळे एका घरात राहणार होतो ना? मग काय झालं?" बाबा म्हणाला, "लाँग स्टोरी," आणि फोन आजोबांच्या हातात गेला. ती गोष्ट फार लांब नाही. ती आत्ताच सांगायची, कारण ज्यांच्यामुळे ते घर झालं नाही, ते लेव्हलकाका गेल्या महिन्यात आपलं गाव सोडून सिडनीला, टूनगॅबीला, लेकीकडे राहायला गेले. त्यांच्याबद्दल तुमच्या कानावर कधीतरी अर्धीच गोष्ट पडेल, आणि ती बहुधा मीच रागाच्या भरात सांगितलेली असेल. म्हणून उरलेली अर्धी मी स्वतः लिहिते आहे. वाचायला जड गेलं तर बाबाकडून वाचून घ्या. त्यानेही ती ऐकायला हवी.

लेव्हलकाका कुणाच्याही नव्या घरी गेले की चपला काढायच्या आधी तांब्याभर पाणी मागायचे. यजमानांना वाटायचं, तहान लागली असेल. काका तो तांब्या घेऊन बाहेर जात, ड्राइव्हवेवर ओतत आणि गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, पाणी कुठे जातंय ते बघत. पाणी रस्त्याकडे गेलं तर "छान" म्हणून आत येत आणि पेढा घेत. गॅरेजकडे वळलं तर पेढा हातातच राहायचा. एकदा एका नव्या घराच्या मालकीणबाई कंटाळून म्हणाल्या, "काका, आधी किचन तरी बघा!" काका म्हणाले, "किचन बिल्डरने तुम्हाला दाखवायला केलंय. उतार कुणाला दाखवायला केलेला नसतो. म्हणून तो आधी बघायचा."

त्यांच्या गाडीच्या डिकीत एक लांब पारदर्शक नळी असायची. आपल्याकडे गवंडी तिच्यात पाणी भरून दोन भिंतींची पातळी जुळवतात. त्या नळीमुळेच त्यांचं नाव लेव्हलकाका पडलं. ते कृष्णाकाठी वाढले, पाटबंधारे खात्यात नोकरी केली, मग मेलबर्न, आणि तिथून आपल्या गावच्या काउन्सिलमध्ये, गटारं आणि पावसाळी पाण्याच्या विभागात. ऑफिसात त्यांच्याकडे लेझरची उपकरणं होती, पण आपल्या माणसांच्या घरी नळीच. नील, तू तीन वर्षांचा होतास. नळीचं एक टोक तुझ्या हातात देऊन ते ओरडायचे, "इंजिनियर, हलू नको! तू हललास तर भिंत हलते!" तू श्वाससुद्धा रोखून उभा राहायचास.

आम्ही या गावात आलो तेव्हा मी इथल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायला लागले. गावात एक राउंडअबाउट, नदीवर एक पूल, आणि भारतीय म्हणजे हॉस्पिटलातले एक डॉक्टर आणि आम्ही. मेलबर्न गाडीने अडीच तासांवर, म्हणजे तेव्हा दुसऱ्या देशात असल्यासारखंच. मग मेलबर्नच्या कडेला असलेल्या ट्रुगानिनासारख्या भागांतही घरं परवडेनात, तेव्हा माणसं आणखी पुढे सरकत सरकत आमच्यापर्यंत आली. गाई चरायच्या त्या कुरणांवर एकसारखी राखाडी छपरं उभी राहिली. शाळेच्या मैदानावर तात्पुरत्या वर्गखोल्या आल्या आणि तात्पुरत्या म्हणून तिथेच राहिल्या. डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी मिळायला लागली. पूल मात्र तो एकच. सकाळी त्याच्यावर गाड्यांची रांग लागली की जुने लोक नव्यांना शिव्या द्यायचे आणि नवे काउन्सिलला.

टाउन हॉलमध्ये यावर एक सभा झाली. एक जुने गोरे गृहस्थ तावातावाने म्हणाले की गटारात ही सगळी घाण बाहेरून आलेल्या लोकांमुळे तुंबते. सभेला आलेले आम्ही चार मराठी लोक खाली बघत बसलो. लेव्हलकाका उठले आणि आपल्या सांगली वळणाच्या इंग्रजीत म्हणाले, "मेट, तुमच्या घरी दहा माणसांचं स्वयंपाकघर आहे आणि चाळीस पाहुणे जेवायला बसवलेत. भांडण पाहुण्यांशी नको. चूल मोठी करा." हॉल हसला. ते गृहस्थही हसले. येताना काका मला म्हणाले, "वहिनी, गाव वाढलेलं वरून दिसतं. खालून वाढलंय का, ते कुणीच बघत नाही."

आता गल्लीची गोष्ट. बाबा तुम्हाला घेऊन मुद्दाम आपल्या गावी परत आला होता. तुम्ही भाड्याच्या घरात राहत होता आणि आम्ही आमच्या जुन्या दोन खोल्यांच्या युनिटमध्ये. चाइल्डकेअरमध्ये नीलला जागा नव्हती, म्हणून तो दिवसभर माझ्याकडे असायचा. तेवढ्यात ओढ्यालगतच्या कुरणावर नवे प्लॉट पडणार असं कळलं. एका रांगेत नऊ प्लॉट, आणि आपली मराठी घरंही नऊ! कुणाच्या डोक्यात आलं ते आठवत नाही, पण आठवडाभरात सगळ्यांनी नावं नोंदवली. आमचं आणि बाबाचं मिळून एक मोठं घर, शेजारी लेव्हलकाका-काकू, पलीकडे बाकीची सात कुटुंबं. ऑस्ट्रेलियात येऊन प्रत्येकाला अंगण हवं होतं, पण अंगणाच्या पलीकडे आवाज मात्र आपलाच हवा होता. नाव ठरलं, 'आपली गल्ली.' गणपती कुणाच्या गॅरेजमध्ये बसवायचा यावर भांडणंसुद्धा सुरू झाली.

एका रविवारी सकाळी आम्ही सगळे जमीन बघायला गेलो. थर्मासमधून चहा, डब्यांतून चिवडा. आजोबांनी वास्तुशास्त्राचं पुस्तक आणि होकायंत्र आणलं होतं. जमिनीचा उतार बरोबर ईशान्येला, आणि ईशान्येलाच ओढा! आजोबांचा आनंद गगनात मावेना. "उताराला ईशान्य, पाण्याला ईशान्य! पुण्यात असा प्लॉट शोधून मिळणार नाही!"

काका म्हणाले, "अण्णा, इथे सूर्य उत्तरेकडून जातो. तुमच्या पुस्तकाला कळवलंत का?"

"चेष्टा करू नका हो. तुमच्या बायकोला विचारा."

काकू म्हणाल्या, "मला पूर्वेची खिडकी मिळतेय. मी आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही."

सगळे हसले. मी कपात चहा ओतत होते तेव्हा माझं लक्ष गेलं. काका आमच्यातून निघून ओढ्याच्या बाजूच्या जुन्या कुंपणाशी गेले होते. तारेत वाळकं गवत अडकलेलं होतं, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, एका रेषेत, लांबपर्यंत. ते त्याचे पुंजके बोटांनी सोडवत, फोटो काढत, हळूहळू चालत होते. परत आले तेव्हा हातात गवत होतं. मी चहा दिला. तो त्यांनी उभ्यानेच प्यायला.

दोन महिन्यांनी पत्र आलं. ओढ्याकडचा भाग तूर्त रद्द, पुराचा अभ्यास पुन्हा होणार, सगळ्या नोंदण्या मागे घेतल्या. आणि मग कळलं की हे आपल्याच माणसाने केलं होतं. जमीन बघून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, काकांनी आधी यादीतून स्वतःचं नाव काढलं. मग साहेबांना सांगितलं, "मी इथे घर घेणार होतो, तेव्हा ही फाइल मी तपासणार नाही. पण हे फोटो बघा. वाहून आलेलं गवत तारेत या उंचीवर आहे, म्हणजे पाणी इथवर येऊन गेलंय. नकाशात ते नाही." तपासणी दुसऱ्यांनी केली आणि ती काकांच्या बाजूने निघाली.

आम्हाला कुणालाच ते पटलं नाही. "इतकी वर्षं काय पाणी आलं?" "नकाशा काय वेड्यांनी केला?" "आपल्या माणसाने आधी आपल्याला तर सांगायचं!" त्या वर्षी दिवाळीच्या फराळाला काका-काकूंना कुणी बोलावलं नाही. त्यात मीही होते.

त्यातच तुमच्या भाड्याच्या घराच्या मालकाने घर विकायला काढलं. दुसरं घर भाड्याने मिळेना. एकेका घरासमोर पन्नास माणसं रांगेत. बाबाला डार्विनच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली, राहायला जागेसकट. तुम्ही गेलात त्या दिवशी लेव्हलकाका निरोप द्यायला आले. मी फाटकापाशीच म्हटलं, "तुमच्या मूठभर गवतापायी माझी नातवंडं गेली." त्यांनी नीलच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. सुपरमार्केटमध्ये दिसले की मी पिठाच्या रांगेतून साबणाच्या रांगेत जायची. वयाच्या सत्तराव्या वर्षी!

मग एका सप्टेंबरात तीन दिवस पाऊस पडला. गावात विशेष काही झालं नाही, पूल काही तास बंद राहिला इतकंच. चौथ्या दिवशी दुपारी ऊन पडलं, तेव्हा आजोबा म्हणाले, "चल, ओढा बघून येऊ." ते असं का म्हणाले ते मला कळलं होतं आणि मी नाही म्हटलं नाही.

सगळ्या कुरणात पाणी उभं होतं. बिल्डरचा 'लवकरच येत आहे' असा बोर्ड अजून तिथे होता. त्यावर एक हसरं कुटुंब गवतात बसलेलं, आणि पाणी त्यांच्या कमरेपर्यंत आलेलं. कुंपणापाशी गमबूट आणि पिवळं जाकीट घालून लेव्हलकाका वहीत काही लिहीत होते. आम्हाला बघून त्यांनी वही मिटली.

आजोबांनीच सुरुवात केली. "आमचा प्लॉट कुठला हो?"

"ती बदकं दिसतायत ना? ते तुमचं स्वयंपाकघर."

आजोबांनी होकारार्थी मान हलवली. "पण पाणी ईशान्येलाच आहे. शास्त्र चुकलं नाही."

"नाही ना! शास्त्र एकदम बरोबर," काका म्हणाले आणि दोघे पोरांसारखे हसत सुटले. मला हसू येईना. ईरा, तुझी खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला असणार होती. तो नकाशा माझ्या कपाटात अजून आहे. मी मनातल्या मनात ती खोली त्या पाण्यात मोजून पाहिली आणि ती बदकांच्याही पलीकडे निघाली.

मी म्हटलं, "भाऊजी, मी तुम्हाला नको ते बोलले."

"बोललात," ते म्हणाले. "आणि मी विसरलो नाही. पण वहिनी, राग खोटा नव्हता. पोरं खरंच गेली."

"मग त्या रविवारीच आम्हाला का नाही सांगितलंत?"

त्यांनी वही जाकिटाच्या खिशात ठेवली. "तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मला थांबवलं असतं. आणि मी थांबलो असतो, वहिनी. मलाही तिथेच राहायचं होतं."

आम्ही त्यांना घरी घेऊन आलो. पोह्यांच्या दोन बश्या संपवून ते म्हणाले, "पाण्याला आपण आगाऊ म्हणतो. ते बिचारं आपल्या जुन्या वाटेनं जातंय. नवीन आपण आहोत." मग मी फोन करून काकूंना बोलावलं. त्या आल्या आणि दारातच म्हणाल्या, "दोन वर्षांचा फराळ एकदम करणार आहात की हप्त्याहप्त्यानं?" हळूहळू बाकीचेही आले. माफी प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने मागितली. काहींनी मागितली नाही, पण डबे पाठवले.

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाला आमच्या छोट्या युनिटमध्ये इतकी माणसं जमली की अर्धी बाहेर गवतावर बसली. भाषण करा म्हटल्यावर काकांनी खिशातून कागद काढला आणि प्रत्येक घराला काम वाटून दिलं. कुणी छपराचं गटर साफ करायचं, कुणी मागच्या कुंपणाची नाली मोकळी ठेवायची, कुणी झाडाची मुळं पाइपात जातायत का ते बघायचं. "हे भाषण आहे?" कुणीतरी ओरडलं. "हो," ते म्हणाले, "बाकी भाषणं वाहून जातात." जाताना मला वाकून नमस्कार केला. मी शिक्षिका होते, तेव्हा डोळ्यांत पाणी येऊ न देण्याची सवय आहे. ती त्या दिवशी उपयोगी पडली नाही.

मुलांनो, तुम्ही लांब आहात याचं मला रोज वाईट वाटतं, आणि ते काकांनाही ठाऊक आहे. पण तुम्हाला मी ज्या घरात ठेवणार होते ते घर चुकीचं होतं, आणि ते मला कळायच्या आधी एका माणसाने आपली दिवाळी गमावून थांबवलं. मोठं झाल्यावर असा माणूस भेटला तर त्याच्याशी दोन वर्षं अबोला धरू नका.

त्या कुरणातला बोर्ड आता काढला आहे. काउन्सिलने ती जागा तशीच मोकळी ठेवली आहे. यादीतली बाकीची सात कुटुंबं गावातच सात वेगवेगळ्या गल्ल्यांत राहतात आणि एकमेकांकडे जायला गाडी काढतात. सातही घरं कोरडी आहेत.

तुमची आजी