अर्चनाचा रिपोर्ट

"अरे भिया, ये सर्व्हर है कि बैलगाडी?" — शेठ असे ओरडले की पोलोग्राउंडमधले निम्मे कारखाने दचकून बंद पडले असतील. आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, निघाल्याशिवाय ट्रक हलत नाही, आणि बिल्टीची स्क्रीन उघडत नव्हती. ट्रकांची रांग थेट लांबच्या बेटमा गावापर्यंत — बरं, पुढच्या वळणापर्यंत. पण हॉर्न बेटम्याला ऐकू जात होते!

हा किस्सा मी लग्नाच्या पंगतींत किती रंगवलाय! मी सर्व्हरची नाडी धरली, दोन ओळी लिहिल्या, मेलेला सर्व्हर उठून पळाला — टाळ्या! मधला भाग मात्र परवापर्यंत कुणाच्या कानी घातला नव्हता. बायकोच्याही नाही. तो आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते. कुणावर? सांगतो.

डेटा शोधायला सर्व्हरला इंडेक्स लागतो, पुस्तकाच्या शेवटच्या सूचीसारखा. तो नसला की बिचारा एकेका बिल्टीसाठी सगळा डेटा पान पान चाळत बसतो. आदल्या संध्याकाळी जुना डेटा चढवताना काम झटपट उरकावं म्हणून इंडेक्स मी काढला होता. मग परत लावायचा — पण सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खायची घाई. विसरलो. विसरणं काय गुन्हा आहे? नाही. गुन्हा पुढेच आहे.

"किसने किया?" शेठनी मला विचारलं. मला तोवर सगळं कळलं होतं. आणि मी — सर्व्हररूमचा वाघ! — बोट दाखवलं अर्चनाकडे. महूहून रोज येणारी, नवी, नोकरी अजून पक्की न झालेली. म्हणालो, "हिचा नवा रिपोर्ट सर्व्हर खातोय."

शेठनी मोबाईलवर बोलता बोलताच तिला सांगितलं, "कल से मत आना." मी सगळ्यांदेखत तिचा रिपोर्ट बंद केला, आणि गुपचूप इंडेक्स परत लावला. सर्व्हर पळाला. शेठनी पोहे-जलेबी मागवली. मी खाल्ली — हरामखोरानं दोनदा वाढून घेतली!

शेठचा राग येतो, टाळ्या पिटणाऱ्यांचा येतो. पण ते सगळे बहाणे. तोंड कुणाचं होतं? माझं.

परवा लालबागच्या मेळ्यात ती दिसली. तिथेच, पाळण्यांच्या गोंगाटात, सगळं ओकलो. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माहीत होतं, भिया," ती म्हणाली. "तोच रिपोर्ट आदल्या दुपारी चटकन चालला होता. मला कुणी विचारलंच नाही."