शाळेपाशी थांबणारा ठिपका

सकाळच्या मीटिंगच्या चहाला मी विनोद करायला गेलो आणि तोंडघशी पडलो. आमच्या फिरतीवरच्या माणसांना कंपनीने दिलेल्या फोनवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आहे. त्यांची संमती, सह्या, सगळं कायदेशीर. नकाशावर प्रत्येकाचा एकेक ठिपका फिरत असतो. कदमांचा ठिपका रोज जेवणाच्या सुट्टीत एका शाळेपाशी थांबायचा.

"काय कदम, पुन्हा बालवाडीत नाव घातलंत की काय?"

सगळे हसले. कदम हळूच म्हणाले, "मुलगी असते तिथं, साहेब. बायको तिला घेऊन गेली. शाळा सुटताना लांबून दिसते."

दुसऱ्या दिवसापासून तो ठिपका शाळेकडे वळलाच नाही. भर दुपारी गोदामापाशी नुसता उभा. लेकीला बघायची त्यांची तेवढी एक जागा होती, ती मी चहाच्या घोटाबरोबर घालवली. कागदावर सही त्यांचीच होती म्हणा. पण असल्या गोष्टीसाठी कुणी सही करतं का?

मग सुट्टीपुरती ती देखरेख मी बंद केली. कदमांना तसं सांगितलं. त्यांनी नुसती मान डोलावली.

घरी हे जरा ऐटीतच सांगितलं. भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "बरं केलंत. पण तुम्ही बघत नाही, हे त्यांना कुठं दिसतंय?"