चिठ्ठीवर नाव नाही

तांडेलकाकांशी मी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "काका, वर्तमानपत्रं खालच्या मजल्यावर."

ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागे एक वाचनालय आहे. त्याच्या वरच्या सभागृहात आमची बैठक होती. मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं एक मोबाइल ॲप काही हौशी मंडळी मिळून बनवत होती. ॲप फुकट, मालक कोणी नाही, आणि त्याचा कोड कोणीही उघडून पाहावा, सुधारावा. त्यातल्या चुका शोधायला स्वयंसेवक हवे होते. मी चोवीस वर्षं डोंबिवलीहून सॉफ्टवेअर कंपनीत जाऊन पगारी चुका शोधतोय, त्यामुळे जावयाच्या थाटात पहिल्या रांगेत बसलेलो. सत्तरीतला एक माणूस कापडी पिशवी सांभाळत दारात उभा राहिला, तेव्हा वाट दाखवणं मला माझं कर्तव्य वाटलं.

"पेपर घरी वाचून आयलोय," ते म्हणाले. "हितं तपासायला आयलोय." आणि नेमके माझ्याच शेजारी बसले.

काका मूळचे चेंदणी कोळीवाड्यातले. पण जाळं कधी धरलं नाही, उभा जन्म नोकरी कल्याणजवळ मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात केली. काम सूत तपासण्याचं. फिरता धागा अंगठा आणि तर्जनीतून जाऊ द्यायचा आणि गाठ, केसासारखा सुटलेला तंतू, जाड-बारीक बोटालाच कळायला हवं. ॲप बोलायला लागलं की काका डोळे मिटायचे आणि त्यांची ती दोन बोटं मांडीवर आपोआप हलायला लागायची. बोटं थांबली की समजायचं, चूक सापडली.

कल्याणची सायली हा सगळा कारभार बघायची. माझ्या मुलीच्या वयाची, पण मला दम देण्याइतकी मोठी. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांना बजावलं की बग (म्हणजे चूक) सापडला की लगेच लिहा. काका गंभीरपणे म्हणाले, "बगल्याबिगर सापडंल कसा?" सभागृह हसलं. चोवीस वर्षांत माझ्या एकाही विनोदाला तेवढं कोणी हसलेलं नाही, याची मी तेव्हाच मनात नोंद केली.

मी पहिला अहवाल दीड पानी लिहिला, भारदस्त इंग्रजीत. सायलीचं एका ओळीत उत्तर आलं की काका, नक्की काय बिघडलंय? (मलाही ती काकाच म्हणायची, हे एक आणखी.) तांडेलकाका पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठीवर आधी चार ओळी लिहायचे: काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, पुन्हा करून पाहिलं का. मग तेच एका बोटानं मोबाइलवर उतरवायचे. सायली नवीन येणाऱ्यांना त्यांचे अहवाल नमुना म्हणून दाखवायला लागली. नवीन येणाऱ्यांत मीही होतो, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

हेवा घरातही शिरला. बायकोच्या शिलाई मशीनचा दोरा सारखा तुटायचा. मी मशीन दोनदा दुरुस्तीला नेऊन आणलेलं. काका एकदा चहाला आले, दोरा चिमटीतून ओढून पाहिला आणि म्हणाले, "मशीनला नका बोलू, वैनी. रीळ जुनं झालंय." रीळ बदललं, दोरा तुटायचा थांबला. त्या दिवसापासून आमच्याकडे काहीही बिघडलं की बायको म्हणायची, तांडेलकाकांना विचारून बघा. एकदा माझ्या कंबरेबद्दलसुद्धा म्हणाली.

कारखान्यातलं त्यांचं एक वाक्य नेहमीचं होतं. खराब सुताबरोबर जी चिठ्ठी जायची, तिच्यावर कामगाराचं नाव लिहा असं एका साहेबानं सुचवलं होतं. काकांनी कधी लिहिलं नाही. "चिठ्ठीवर चूक लिवायची, नाव नाय. नाव लिवलं का चूक लपते, मानूस दिसतो."

चाचणीच्या कामावर सायलीला एक प्रमुख नेमायचा होता. मलाच नेमणार, हे मी घरी सांगूनही टाकलं होतं. तोवर माझ्या हातात अधिकाराचं एकच बटण होतं: आलेला अहवाल 'बंद' करण्याचं, म्हणजे दुरुस्तीची गरज नाही असं ठरवण्याचं. त्यात काकांचा एक अहवाल आला. ॲप 'दर्या' हा शब्द 'दऱ्या'सारखा वाचतं. समुद्र म्हणायचा तर डोंगरातल्या दऱ्या ऐकू येतात. खाली लिहिलं होतं, 'आमचा दर्या दरीत पडला.' सायलीनं त्याच्यापुढे हसरा चेहरा टाकलेला. मी ॲप लावून ऐकलं. काकांचं शंभर टक्के बरोबर होतं. तो हसरा चेहरा मी पुन्हा एकदा पाहिला आणि लिहिलं, 'फरक नगण्य.' बंद.

पुढच्या महिन्यात त्याच सभागृहात ॲप लोकांना दाखवायचा कार्यक्रम ठरला. पाहुणे म्हणून एक वयोवृद्ध संस्कृत पंडित होते, ज्यांना सगळं ठाणं आचार्य म्हणतं. सूत्रं माझ्याकडे. सुरुवातीचं वाक्य ॲपनंच वाचावं, ही कल्पनाही माझी. मी बटण दाबलं आणि ॲप खणखणीत आवाजात म्हणालं, "आता आचाऱ्यांचा सत्कार होईल."

मग आचार्यच म्हणाले, "सत्कार असू द्या, आधी पानं किती वाढायची ते सांगा." सभागृहात हशा पिकला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दर्या आला. तोच 'र', तोच 'य', तीच चूक.

कार्यक्रम संपल्यावर सायलीनं सगळ्यांना बसवून विचारलं की हे कोणाच्या नजरेतून सुटलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. माझ्या बुटाला नाडी नव्हती. काका शांतपणे म्हणाले, "मना सापडलेलं. पन नुसता शब्द लिवला मी, वाक्य नाय जोडलं. अर्धी चिठ्ठी झाली ती." बंद कोणी केलं, ते त्यांनी सांगितलं नाही. सायलीनं प्रमुख त्यांनाच व्हायला सांगितलं. त्यांनी हात जोडले. हुद्दा नको, ऐकायला देत जा, एवढंच म्हणाले. म्हणून ती जागा मला मिळाली. माणसाच्या हुशारीचा हेवा मी पचवला असता. त्याच्या चांगुलपणाचा पचत नाही, फार जळजळ होते.

मला वाटत राहिलं की त्यांनी मला जाणूनबुजून वाचवलं. त्यामुळे मी वर्षभर त्यांच्याशी जरा तुसडेपणानंच वागलो.

होळीला आठवडा असताना काका गेले. मी मोहन्याला त्यांच्या घरी गेलो. सुनेनं कापडी पिशवी पुढे केली. म्हणाली, यातलं आम्हाला काही कळत नाही, तुमच्या कामाचं असेल तर बघा. आत चिठ्ठ्या होत्या, तारखेनं लावून दोऱ्यात ओवलेल्या. दर्याची सापडली. चार ओळींखाली वेगळ्या शाईत पाचवी होती: 'बंद केलं. माझं लिहिणं अपुरं असेल. पुढच्या वेळी वाक्य जोडणे.'

म्हणजे त्यांनी मला वाचवलं वगैरे नव्हतंच. आपलंच चुकलं असेल, असं त्यांना खरोखर वाटलं होतं.

घरी आलो, तो जुना अहवाल उघडला आणि खाली लिहिलं, 'हा अहवाल पूर्ण आणि बरोबर होता. तो मी हेव्यापोटी बंद केला.' खाली माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आता तो जगात कोणीही वाचू शकतो. मन हलकं झालं. मोबाइल बायकोपुढे धरला.

तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"चिठ्ठीवर चूक लिहायची, नाव नाही, असं म्हणायचे ना ते?" ती म्हणाली. "त्यांच्या चिठ्ठीवर पण शेवटी तुमचंच नाव लावून मोकळे झालात."